होडीतून नेलेलं रक्त

लग्नाला सहा वर्षं झाली तरी सूनबाईला मूल नव्हतं. माझ्या बायकोने मुलासाठी राजापूरकडची दुसरी मुलगी बघून ठेवली होती. मुलगा लोटे गावी कंपनीत कामाला, आईपुढे तोंड उघडायचा नाही. मी म्हटलं, आधी डॉक्टर काय सांगतात ते कळू दे. मी असेपर्यंत ही पोर माहेरी जायची नाही. नव्व्याण्णव सालची गोष्ट.

रत्नागिरीच्या डॉक्टरीणबाईंनी रक्ताची तपासणी सांगितली. बाईच्या अंगात बीजं किती उरली याचा त्यातून अंदाज लागतो म्हणे, पण रक्त पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच द्यायचं. आमच्याकडे बाहेरची झालेली बाई तीन दिवस पडवीत बसते. तशी ती बसली, आणि चौथ्या दिवशी न्हायल्यावर आम्ही तिला नेली. बाईंनी परत पाठवली. महिना फुकट.

पुढच्या खेपेला दुसऱ्याच दिवशी सकाळी मी निघालो. एसटी खाडीला वळसा घालून दुपारी पोचायची, आणि लॅबवाला रक्त सकाळीच घेऊन मुंबईला धाडायचा. राहिली माझी होडी. पाळीतल्या बाईने होडीला हात लावायचा नाही, हे आम्हा मच्छीमारांत पोरंटोरंही जाणतात.

बायको म्हणाली, जाळं वर्षभर रिकामं येईल. मी म्हटलं, येऊ दे.

सून घोटाभर पाण्यात उभी, पाय उचलेना.

"मामा, लोक तुम्हाला बोलतील."

"होडी माझी आहे. चढ."

वल्हवताना तोंड किनाऱ्याकडेच असतं. बंदरावरचा एकेक चेहरा मी नीट बघून घेतला.

आकडा चढा आला. बाई म्हणाल्या, यात आकडा जितका चढा तितकी बीजं कमी. कमी आहेत, पण आहेत. आता वेळ घालवू नका. घरी येऊन मी बायकोला एवढंच सांगितलं, "आहेत." राजापूरचा विषय तिथेच मिटला.

मग गोळ्या, इंजेक्शनं. दर पाळीला दुसऱ्या दिवशी बाई बोलवायच्या, आणि दर वेळी मी होडीच काढायचो. बांगडा यायचा तेव्हा आला, नाही तेव्हा नाही आला, सगळ्यांच्या जाळ्यात येतो तसाच.

नात झाली. दवाखान्यातून आणायला मुलगा रिक्षा शोधत होता. मी म्हटलं, रिक्षा कशाला?

बंदरावर बायको तबक घेऊन उभी होती. तिने नातीला ओवाळलं, सुनेला ओवाळलं, आणि मग कोणी न सांगता होडीला.