आग रस्त्यावर, पाणी भिंतीवर

थांबासाहेबांना एका जागी बसता येत नसे. अग्निशमन केंद्रातल्या त्यांच्या खोलीत खुर्ची होती, पण ती टोप्या आणि फायली ठेवण्याच्या कामी येई. चहा ते आवारात फेऱ्या मारत पीत. बोलता बोलता मध्येच जाऊन एखाद्या होजपाइपाची गुंडाळी सोडत आणि पुन्हा घालत. लग्नाला गेले तर पंगतीत त्यांचं पान वाढलेलं राही आणि ते मांडवामागे आचाऱ्यांच्या शेगड्यांच्या नळ्या बोटांनी चाचपत असत. त्यांच्या पत्नी सांगत, "यायले लग्नात नेलं का नवरीची माय घाबरते. तिले वाटते, काही पेटलंच."

हा माणूस शांत उभा दिसे तो फक्त गॅसगळतीच्या ठिकाणी. चालकाला गाडी थेट दारापर्यंत न्यायची घाई असे. साहेब एक चौक अलीकडेच म्हणत, "थांबा." नाव पडलं ते यामुळे. मग ते चालकाकडून खर्ऱ्याची रिकामी पन्नी मागत. स्वतः खर्रा खात नसत, पण सुपारी-तंबाखूचं ते पातळ प्लास्टिक दोऱ्याला बांधून हात वर करत. पन्नी जिकडं उडेल, त्याच्या उलट बाजूनं सगळ्यांनी जायचं. केंद्राकडे गॅस मोजायचं यंत्र होतं. तेही वापरत. "मीटर गॅस सांगते," ते म्हणत. "गॅस कोणीकडे चालला, ते पन्नी सांगते."

मी तेव्हा नागपुरातल्या एका दैनिकाच्या शहर पुरवणीसाठी गुन्ह्यांच्या आणि आगींच्या बातम्या पाहत असे. साहेबांनी मला शिकवलेलं पहिलं वाक्य असं: "सिलिंडरचा गॅस बसते, पाइपाचा उठते." सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो फरशीवर पसरतो, नालीत उतरतो, जिन्याखाली साचून राहतो. पाइपातून येणारा हलका असतो आणि छताला जाऊन बसतो. त्यामुळे एका घरात साहेब वाकून चालत आणि दुसऱ्या घरात मान वर करून. नवखे जवान यावर हसत. साहेब त्यांना हसू देत, फक्त पुढं जाऊ देत नसत.

एप्रिलमधल्या एका दुपारची गोष्ट आहे. तळमजल्याचं घर, उन्हामुळे सगळ्या खिडक्या बंद, एका खिडकीत कूलर. सिलिंडरची नळी सुटली होती आणि आत एकटी आजी होती. शेजाऱ्यानं फोन केला. साहेबांनी बेल वाजवली नाही, बोटांच्या पेरांनी दार ठोकलं. आजींनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "थांब गा, कूलर लावून येतो. वास निंगून जाईन."

"आजी, बटन दाबू नका. वास जाईन अन् तुमीबी जासान."

"मंग लाइट तं बंद करू दे. दिवसाढवळ्या जळून राहिला."

"चालू हाय ते चालू, बंद हाय ते बंद. तुमी फक्त तुमी या."

आजी बडबडत बाहेर आल्या. साहेबांनी वीज गल्लीतल्या खांबावरून तोडायला लावली, सिलिंडरची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मीटर तीन वेळा फरशीलगत फिरवल्यावरच आजींना आत सोडलं. तोपर्यंत त्या अंगणातून त्यांना शिव्या देत होत्या आणि ते ऐकत होते. काम झाल्यावर पुन्हा फेऱ्या सुरू.

प्रताप नगरातली घटना त्याच वर्षीची. सिमेंट रस्त्यासाठी खोदकाम सुरू होतं. सकाळी साडेदहाच्या सुमारास जेसीबीचा दात गॅसच्या पाइपाला लागला आणि गॅस पेटला. ठिणगी कुठली, ते कळलं नाही. मी पोहोचलो तेव्हा खड्ड्यातून पहिल्या मजल्याइतकी उंच ज्वाला उभी होती आणि तिचा आवाज दोन गल्ल्यांपर्यंत येत होता. साहेबांनी दोन्ही बाजूंची घरं रिकामी केली होती. दोन होजपाइप सुरू होते, दोन्ही घरांच्या भिंतींवर. ज्वाळेवर पाण्याचा थेंब नव्हता. गॅस बंद करायची झडप नव्या मुरुमाखाली गाडली गेली होती आणि कंपनीची माणसं ती शोधत होती.

गर्दी चिडली. "साहेब, आग इकडं हाय, इकडं!" "भिंतीले आंघोळ घालून राहिले का?" "अबे, चष्मा द्या कोणी त्यायले!" एका जवानानं साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "जळू द्या. जळून राहिला तवर तो मले दिसते. विझवला तर तो कोणाच्या घरात गेला, ते दिसन का?"

हे बोलणं मी वहीत पूर्ण उतरवलं होतं. छापलं त्यातलं फक्त पहिलं वाक्य. सव्वा तासानं झडप सापडली आणि ज्वाला आपोआप खाली बसली. कोणालाही इजा झाली नाही, हे बातमीच्या शेवटच्या ओळीत होतं. मथळा होता: आग रस्त्यावर, पाणी भिंतीवर. जवान सव्वा तास ज्वाळेकडे पाहत राहिले, हे खरं होतं. "'जळू द्या,' असे अधिकाऱ्यांनी सांगितले," हेही खरं होतं. बातमीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. संपादकांनी मथळ्याचं कौतुक केलं.

चौथ्या दिवशी साहेबांना कारणे दाखवा नोटीस मिळाली. चौकशी संपेपर्यंत त्यांना गाडीवरून काढून भांडारात बसवलं. निवृत्तीला वर्षही उरलं नव्हतं. त्या आठवड्यात एका दुपारी ते आमच्या कार्यालयात आले. मी खुर्ची पुढं केली. ते टेबलांमधून येरझारा घालत बोलले.

"तुमी खोटं नाही लिहिलं. नोटिशीचं मी पाहून घेतो. पण ते कात्रण केंद्रात फळ्यावर लावलं कोणीतरी. पोट्टे रोज वाचून राहिले. पुढच्या वेळेस विझवतीन ते. विझवल्यावर काय होते, ते लिहा."

"लिहितो."

"कधी?"

"या आठवड्यात."

"गॅस आठवडा पाहत नाही, भाऊ."

लेख मी त्याच रात्री लिहिला. संपादक म्हणाले, चूक नसेल तर खुलासा कशाचा? अग्निसुरक्षा सप्ताहात वापरू. सप्ताह पाच महिने दूर होता. साहेब पुन्हा आले. मी सप्ताहाचं सांगितलं. ते जिना उतरले. तिसऱ्यांदा आले तेव्हा मी जागेवर नाही, असं त्यांना सांगण्यात आलं. मी जागेवर होतो. खिडकीतून ते सायकल स्टँडजवळ वीस मिनिटं फेऱ्या मारताना दिसले.

कन्हानकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका ढाब्यात महिन्याभरात सिलिंडर पेटला. चावीचं तोंड तुटलं होतं आणि तिथूनच ज्वाला निघत होती. गाडीवर रामटेके होते, साहेबांहून दोन-तीन वर्षांनी लहान, त्यांच्याच हाताखाली तयार झालेले अधिकारी. सिलिंडर लांबून पाणी मारून गार ठेवायचा आणि आतला गॅस जळून संपू द्यायचा, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. समोर शंभरेक माणसं मोबाइल धरून उभी होती. रामटेक्यांनी पावडर मारून ज्वाला विझवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. गॅस मात्र निघतच राहिला, फरशीवरून पलीकडच्या खोलीतल्या कोळशाच्या भट्टीपर्यंत गेला आणि तिथून उलटा पेटत आला. रामटेक्यांचे दोन्ही हात कोपरांपर्यंत भाजले.

रुग्णालयात साहेब माझ्या आधी पोहोचले होते. मी दारातच थांबलो. रामटेके म्हणाले, "साहेब, मले मालूम होतं. पण सगळे मोबाइल धरून उभे होते. मले वाटलं, उद्या मीबी पेपरात."

साहेब म्हणाले, "बोटं हालव." बोटं हलली. "हं," साहेब म्हणाले आणि बाहेर आले. दारात माझ्याजवळ क्षणभर थांबले. मला वाटलं, आता बोलतील. "डॉक्टर कोणत्या मजल्यावर बसते?" एवढंच त्यांनी विचारलं.

माझा लेख दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर आला. सप्ताहाची वाट पाहावी लागली नाही. पुढं चौकशीत साहेबांचा निर्णय योग्य ठरला. त्याची बातमी चार ओळींची होती, सातव्या पानावर. साहेब भांडारातूनच निवृत्त झाले.

रामटेके कामावर परतले, पण गॅसचा कॉल आला की पाळी बदलून घेऊ लागले. साहेबांचं घरी बसणं आधीच अवघड होतं, या गोष्टीनं ते आणखी अवघड झालं. आठवड्यातून दोनदा त्यांचा मला फोन येई. "रामटेके गेला का कॉलवर?" मी नाही म्हणे. "हात बरे झाले त्याचे," ते म्हणत आणि फोन ठेवून देत.

पुढच्या उन्हाळ्यात रिंग रोडजवळच्या एका वस्तीत पुन्हा खोदकामात पाइप फुटला आणि पेटला. त्या दिवशी पाळी बदलायला कोणी नव्हतं. गाडीवर रामटेके होते. मी साहेबांना फोन केला. पंधरा मिनिटांत ते स्कूटरवर आले. साधा शर्ट, आणि उन्हामुळे डोक्यातोंडाला पांढरा दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. नागपुरात मे महिन्यात अर्धी माणसं अशीच दिसतात. ते गर्दीत माझ्या बाजूला येऊन उभे राहिले.

रामटेक्यांनी घरं रिकामी केली होती आणि पाणी भिंतींवर सुरू होतं. पण ते सारखे मागं, गर्दीकडे पाहत होते. आमच्या पुढ्यातला एक जण ओरडू लागला, "अबे विझव ना! पाहून काय राहिला?" मागून आणखी आवाज उठले. रामटेके होज धरलेल्या जवानाकडे गेले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. होजचं तोंड भिंतीवरून थोडं ज्वाळेकडे वळलं.

साहेब ओरडणाऱ्याच्या पुढं जाऊन उभे राहिले.

"दादा, तुमचं घर कोणतं?"

"हे समोरचं. काहून?"

"भिंत वली हाय का त्याची?"

"हाव."

"मंग तो तुमचंच घर वाचवून राहिला. आता आग विझवली तं गॅस तुमच्या खिडकीतून आत जाते. अन् मंग कोण्या ठिणगीची वाट पाहते, ते तुमाले नाही मालूम, मले नाही मालूम."

"तुमी कोण?"

"कोणी नाही. ओरडू नका. त्याले ऐकू येते."

तो माणूस गप्प झाला. साहेब तिथून पुढच्या माणसाकडे गेले, मग त्याच्या पुढच्याकडे. प्रत्येकाला घर विचारत, भिंत दाखवत. शिव्याही खाल्ल्या. एकानं त्यांना बाजूला ढकललं, ते परत येऊन तिथंच उभे राहिले. हळूहळू आवाज उतरला. रामटेक्यांनी जवानाच्या खांद्यावरचा हात काढला. होज पुन्हा भिंतीकडे वळला.

पन्नास मिनिटांनी झडप बंद झाली. ज्वाला कमरेइतकी झाली, मग गुडघ्याइतकी, मग नाहीशी झाली. रामटेके गाडीच्या पायरीवर बसले आणि बराच वेळ स्वतःच्या हातांकडे पाहत राहिले.

"चला, भेटा त्यांना," मी म्हणालो.

"नाही. अन् मी आलो होतो, हे सांगू बी नका," साहेब म्हणाले. "त्याचं त्यानं केलं. तसंच राहू द्या." मी शब्द दिला. त्यांनी स्कूटर सुरू केली आणि गेले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत मी त्यांचा उल्लेख केला नाही.

त्यानंतरच्या हिवाळ्यात कुहीजवळच्या त्यांच्या गावी साहेब हृदयविकारानं गेले. तेरवीला रामटेके आले होते. जेवणं झाल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एक गोष्ट राहून गेली, भाऊ. मी रिंग रोडची नाही विझवली. सगळे बोंबलत होते, तरी नाही विझवली. साहेबानं पाहायले पायजे होतं."

साहेबांना मी शब्द दिला होता.

रामटेके यंदा निवृत्त झाले. त्यांना आता कोणत्याही ज्वाळेसमोर उभं राहून निर्णय घ्यायचा नाही, त्यामुळे ही नोंद करायला हरकत नसावी. त्या दुपारी साहेब तिथं होते. रामटेक्यांपासून वीस पावलांवर, गर्दीत. ज्वाला जाईपर्यंत त्यांनी सगळं पाहिलं.