निवडुंगाचं दूध

मला एका जागी बसवत नाही. लग्न होऊन सावनेरहून नागपूरला सासरी चालले होते तेव्हा तर मुळीच बसवत नव्हतं. माझ्या पायाला भिंगरी, आणि बसवलं होतं छकड्यात, नाकापर्यंत पदर ओढून. पुढे सासरे बैल हाकत होते, नवरा बाजूने पायी चालत होता. आमच्यात नवी सून सासऱ्यांशी बोलत नसे, आणि त्यांच्यादेखत नवऱ्याशीही नाही. अगदीच अडलं तर भिंतीला नाहीतर बैलाला सांगायचं, आणि सासऱ्यांनी ऐकायचं. सकाळपासून गप्प राहून माझा जीव नकोसा झाला होता.

वैशाखातला माळ. गवत करपून गेलेलं, आणि मध्येच नागफणीचं बन, माणसापेक्षा उंच. जाडजूड हिरवे पंजे, त्यांवर सुया, आणि त्या सुयांतून वर आलेली पिवळी फुलं. पाकळी इतकी पातळ की ऊन आरपार जात होतं. मी पदर सारून पाहिलं, छकडा पुढे गेला तरी मान वळवून पाहत राहिले. नव्या सुनेला ते शोभणारं नव्हतं, पण मला आवरलं नाही.

थोडं पुढे सासऱ्यांनी बैलांना पाणी दाखवायला छकडा थांबवला. नवरा मागे फिरला आणि चाकू काढून त्या बनात शिरू लागला. नागफणीच्या पुढ्यात तिधारी निवडुंग माजला होता. त्याच्याच फांद्या छाटत तो वाट करत होता. शहरात वाढलेला माणूस. त्या निवडुंगाचं दूध डोळ्यात गेलं की डोळा जातो, हे आमच्या गावात रांगत्या पोरालाही ठाऊक. आणि ह्याचं सीताबर्डीला घड्याळं दुरुस्त करायचं दुकान. उजव्या डोळ्याला भिंग लावून दिवसभर काम. तो डोळा म्हणजे आमचं पोट होतं.

मी चुळबुळले, पदर चावला, शेवटी बैलाला म्हणाले, "बैला, त्या निवडुंगाचं दूध डोळ्यात गेलं तं डोळा जाते गा."

सासऱ्यांनी ऐकलं. रीतीप्रमाणे तेही बैलालाच म्हणाले, की मुलगा काही लहान नाही, त्याला समजतं. बैल शेपटीने माश्या हाकत उभा. मला त्या रीतीचा असा संताप आला की सांगता सोय नाही.

तेवढ्यात आणखी एक फांदी तुटली आणि पांढरं दूध त्याच्या हातावर ओघळलं. मी छकड्यातून उडी मारली आणि ओरडले, "हात नका लावू त्याले."

माझा आवाज त्याने असा कधी ऐकलाच नव्हता. तो दचकून वळला आणि कपाळावरचा घाम त्याच हाताने पुसला. घामाबरोबर दूध उजव्या डोळ्यात उतरलं.

पिण्याच्या पाण्याचा सगळा मटका मी त्याच्या डोळ्यावर रिता केला. पुढची वाट तो ओला पंचा डोळ्यावर धरून माझ्याशेजारी बसला. हळूच म्हणाला, की मी वळून वळून पाहत होते, म्हणून एक फूल आणायला गेला होता. मला रडू आलं आणि रागही आला. मागितलं होतं का मी?

घरी पोचेपर्यंत डोळा सुजून बंद झाला. वैद्याने पट्टी बांधली आणि वाट पाहा म्हणाला. वाट पाहणं मला कुठे जमतं? चुलीपासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीपर्यंत माझ्या येरझारा चालल्या होत्या.

पट्टी सोडली त्या सकाळी सासरे तिथेच बसले होते. नवऱ्याने डावा डोळा हाताने झाकला, भिंतीवरच्या घड्याळाकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "सव्वा दहा."

मला घड्याळ कळत नव्हतं. हा खरं सांगतो आहे की माझी समजूत घालतो आहे, ते कसं ओळखायचं? भिंतीला विचारायची सोय होती. मी भिंतीकडे पाठ केली.

"मामाजी," मी सरळ सासऱ्यांना विचारलं, "खरंच सव्वा दहा झाले काय?"

त्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मग सरळ माझ्या तोंडाकडे.

"झाले वं बाई," ते म्हणाले. "सव्वा दहाच."