माझ्या वाटणीच्या गोळ्या

नव्वद सालाच्या पुढेमागे, भाईंदर पूर्वेच्या आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या बायकोला स्लिप डिस्क झाली. म्हणजे झाली नव्हतीच, मी तसं सांगत सुटलो होतो.

दुखत होतं ते ओटीपोटात. अंगात ताप, अशा कळा की बिचारी वाकून चालायची. लेडी डॉक्टरांनी तपासून सांगितलं की जंतूंमुळे गर्भाशयाच्या आजूबाजूला सूज आलीय. गोळ्यांचा कोर्स पुरा करायचा, तोही दोघांनी, आणि तो संपेपर्यंत लांब राहायचं. यातून कुणाच्या चारित्र्याचा अर्थ काढू नका, असंही त्या आपणहून म्हणाल्या. मी नेमका तेवढाच अर्थ काढला. बायकांच्या दुखण्याची गोळी मी खायची? माझ्या वाटणीची पाकिटं ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, जुन्या फायलींखाली गेली. घेताय ना, असं ती विचारायची. मी म्हणायचो, घेतोय.

शेजाऱ्यांना काहीतरी सांगणं भाग होतं. स्लिप डिस्क त्यातल्या त्यात अब्रूदार वाटली. दुसऱ्या दिवशी समोरच्या भाभी प्लायवूडची फळी घेऊन हजर. गद्दे पे बिलकुल नहीं सोना, अशी ताकीद. ओटीपोट धरून बसणारी माझी बायको पंधरा दिवस त्या फळीवर झोपली आणि भाभी रोज येऊन गादी परत घातली नाही ना, ते बघून गेल्या. मी त्यांना चहासुद्धा पाजला.

गोळ्यांनी तिला आराम पडला. दोन-तीन महिन्यांत दुखणं उलटलं. पुन्हा दोघांचा कोर्स, पुन्हा माझा ड्रॉवर. ताप उतरला, पण कळ काही हटेना. तेव्हा लेडी डॉक्टरांना विचारून आम्ही खारी गावातल्या एका अॅक्युपंक्चरवाल्या बाईंकडे जाऊ लागलो. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की सुयांनी दुखणं थोडं सोसवेल, जंतू मरायचे ते औषधानेच.

तिसऱ्या खेपेची गोष्ट. बायको टेबलावर उताणी, पावलांत, नडग्यांवर, पोटावर केसासारख्या बारीक सुया. वीस मिनिटं हलायचं नाही. मी स्टुलावर बसून भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होतो. बाईंनी तिलाच विचारलं, "हे परत का उलटलं गं? यांनी आपल्या गोळ्या पुऱ्या केल्या होत्या ना?"

"हो तर," बायको म्हणाली. "ते अशा बाबतीत फार काटेकोर आहेत."

तिने संशय घेतला असता तर मी आणखी एक थाप सहज मारली असती. सवय झाली होती. पण ती माझी बाजू घेत होती, तीही त्या अवस्थेत.

"नाही घेतल्या," मी म्हणालो.

बाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि त्या पडद्यापलीकडे गेल्या.

"एकही नाही?" बायकोने छताकडे बघत विचारलं.

"नाही."

मग ती म्हणाली, "आणि मला वाटत होतं, माझंच अंग नासकं आहे."

एरवी तिने भिंतीकडे तोंड केलं असतं. सुयांमुळे तेही करता येईना. म्हणून मीच तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी लेडी डॉक्टरांपुढे सगळं कबूल केलं. त्यांनी मला जे सुनावलं ते इथे लिहीत नाही, फार लांबेल. तिसरा कोर्स सुरू झाला. सुयाही चालू राहिल्या. पुढे ती बरी झाली, पण ओटीपोटातली एक बारीक ठणक वर्षभर तिला पुरली.

त्या तिसऱ्या कोर्सच्या पंधरा दिवसांत सकाळ-संध्याकाळ ती माझ्या तळहातावर गोळी ठेवायची, पाण्याचा पेला पुढे करायची आणि मी गिळेपर्यंत उभी राहायची. तोंड उघडून दाखवा, असं एकदाही म्हणाली नाही. मी आपणहून उघडायचो. ती बघायची नाही.