आत्याचे पाय

आत्या जिना भराभर चढायची आणि सपाट फरशीवर अडायची. या एका गोष्टीने तिने आम्हाला वैताग आणला. स्वयंपाकघराच्या दाराशी आली की पाय जमिनीला चिकटलेच. "चल ना गं," म्हटलं की "चालतेय की!" म्हणायची आणि जागची हलायची नाही.

जन्मभर दुसऱ्यांना घाई करणारी ही बाई. कल्याणला नर्स होती. "उठा, पडून राहिलात तर पडूनच राहाल," असं पेशंटना दटावायची.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. "पायांत ताकद आहे. मेंदूत हालचाल सुरू करून देणारी जी यंत्रणा असते, तिथे खोळंबा होतो. समोर पायरी किंवा रेघ दिसली की मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो."

मी तिच्या डोंबिवलीच्या घरात फरशीवर रंगीत पट्ट्या चिकटवल्या. तिने त्या खरवडून काढल्या. "घर आहे की विमानतळ?" मी पुन्हा चिकटवल्या, तिने पुन्हा काढल्या. मग स्वतःच उपाय शोधला. समोरच्याने पाऊल आडवं ठेवायचं, ते ओलांडून ती निघणार. एकदा मी लिफ्टचं दार धरून पाय पुढे केलेला, आतले लोक कुरकुरतायत, आणि ही विचारतेय, "बूट पुसलायस का?"

एका दुपारी तिच्या इमारतीच्या मीटरच्या खोलीत ठिणगी पडून जिन्यात धूर भरला. मी धावत पोहोचलो, तर आत्या खाली अंगणात! शेजारच्या आजारी काकूंना हाताला धरून धडाधड उतरलेली. धूर ओसरल्यावर परत निघालो, तर सपाट अंगणात ही खांबासारखी उभी.

"मघाशी धावल्या की! सगळं नाटक," कुणीतरी बोललं.

"आत्या, आता तरी चल!" मीही चिडलो.

तिने माझा दंड घट्ट धरला. "अरे, मनात मी केव्हाच निघालेली असते रे. पाय ऐकत नाहीत. मी लबाडी तर करत नाही ना? मलाच कळेनासं झालंय." आत्याला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग तिच्या लेकीने तिला नाशिकला आपल्या घरी न्यायचं ठरवलं. निघताना गाडीच्या दाराशी ती अडलीच. ड्रायव्हरने हॉर्न दिला.

"वाजव, वाजव," आत्या म्हणाली. "माझे पाय माझं ऐकत नाहीत, तुझं काय ऐकणार?"

आम्ही हसलो, तीही हसली, आणि त्या हसण्यात पाय सुटला.

त्या वर्षीच्या हिवाळ्यात ती गेली. फोन आला तेव्हा मी ऑफिसात उभा होतो. खुर्ची शेजारीच होती, पण बसायला मला बराच वेळ लागला.