रविवारचा कडा

माझ्या भाचीला सगळे पाल म्हणत. चालायला लागली तशी ती भिंतीला लागली. खिडकीचे गज, पाण्याची टाकी, शाळेचं कुंपण, काही सोडलं नाही. माझी धाकटी बहीण घरी ब्लाउज शिवायची. मशीन थांबवून ती ओरडायची, "उतर, नाहीतर तंगडं तोडीन!"

पाल वरूनच म्हणायची, "तोडायला आधी वर तर ये."

मेहुणे लवकर गेले. मी शेजारच्याच खोलीत राहतो, त्यामुळे दोन घरांचं एकच घर झालं.

मी दगडाच्या खाणीत होतो. सुरुंगासाठी भोकं पाडणं हे माझं काम. वस्ती जवळ आली तशी खाण बंद झाली. शेवटच्या कड्यात आम्ही भोकं पाडून ठेवली होती, पण दारू भरायच्या आधीच काम थांबलं. कडा तसाच उभा राहिला, मधोमध भोकांची ओळ घेऊन. त्यातलं एक भोक तिरपं आहे. तिथे माझी सळई अडकली होती. बरोबरचे लोक मला त्यावरून बरेच दिवस चिडवत होते.

त्याच कड्यावर पाल चढायला शिकली. दोर मी धरायचो. माझं सांगणं थोडं होतं. चढायचं ते पायांनी, हात फक्त तोल धरायला. आणि खाली दोर धरणारा माणूस नसेल तर पाय जमिनीवरून उचलायचा नाही. पहिली गोष्ट शिकायला तिला बराच काळ लागला. दुसरी तिनं कधीच मोडली नाही.

पाणी शुद्ध करण्याचं शिक्षण घ्यायला ती परदेशी गेली. बॅगेत पुस्तकांच्या वर चढायचे घट्ट बूट होते. बहीण म्हणाली, "शिकायला चाललीस की माकडं धरायला?" तरी बूट तिनंच जुन्या कापडात नीट गुंडाळून दिले.

पाल गेली आणि बहिणीच्या पोटातलं दुखणं वर आलं. डॉक्टर म्हणाले, वेदना कमी करता येतील, दुखणं नाही. रिक्षानं आम्ही घरी आलो. दारात आल्यावर बहीण म्हणाली, "दादा, परीक्षा होईपर्यंत पोरीला एक अक्षर कळता कामा नये. निम्म्यात सोडून आली तर मी तुझ्याशी बोलणार नाही."

मी म्हणालो, "बोलायला राहिलीस तर ना!"

ती हसली. मीही हसलो. मग तिनं कुलूप उघडलं.

पालचा फोन रविवारी यायचा. तब्येतीचं काढायचं नाही म्हटल्यावर बोलायचं काय? ज्या चढण्यावरून बहिणीनं जन्मभर शिव्या घातल्या, तेच ती विचारू लागली. "सापडला का गं एखादा दगड?"

सुरुवातीला पाल खरं सांगायची. शहर तळहातासारखं सपाट आहे. एका मोठ्या खोलीत प्लायवुडच्या भिंती आहेत, त्यावर रंगीत प्लास्टिकचे गोळे बसवलेत, लोक त्यांना धरून चढतात. बहीण म्हणाली, "म्हणजे खुंट्याच की. कपडे वाळत घाल."

मग एका रविवारी पाल म्हणाली, "आई, सापडला."

बसनं जावं लागतं, कडा उंच आहे, दोर धरायला वर्गातली मैत्रीण आहे. बहीण उशीला टेकून बसली आणि फोन मोठ्यानं लावायला सांगितलं. पाल थोडं थोडं सांगायची. एका रविवारी खालचा भाग, पुढच्या रविवारी त्याच्या वरचा. पाय कुठे ठेवला, कुठे घसरला, बोटं कशी सोलली. औषधाची वेळ झाली तरी बहीण हातानं मला थांबवायची.

एकदा पाल सांगत होती, "मधोमध गोल खाचा आहेत गं, एका ओळीत. बोट दुसऱ्या पेरापर्यंत जातं. एक तेवढी तिरपी आहे, तिथे मनगट वळवावं लागतं."

फोन ठेवल्यावर बहिणीनं औषध घेतलं. मग म्हणाली, "दादा, देवानं कधी ओळीत भोकं पाडलीत का?"

मी म्हणालो, "तिथेही खाण असेल."

"असेल. आणि तिथेही तुझ्यासारखा एक असेल, सळई अडकवणारा?"

मी इतके आठवडे ऐकत होतो आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं. बहिणीनं त्या कड्याखाली खडी फोडली होती, लग्नाआधी. पोरगी आमच्याच खाणीत चढत होती. एवढ्या दूर बसून, तोंडानं.

"विचारू का तिला?" मी म्हणालो.

"खबरदार. चढू दे."

पुढच्या रविवारी तिनं नेहमीसारखं विचारलं, "कुठपर्यंत आली होतीस गं?"

परीक्षा जवळ आली होती. बहीण त्याआधीच खचली, आठवड्याच्या मध्ये, सकाळी. मी तिची बंदी मोडून फोन लावला. पाल दोन विमानं बदलून निघाली. डॉक्टरांनी दिलेली वेळ तिच्या प्रवासापेक्षा कमी होती. ती पोचली तेव्हा आम्ही अंत्यविधी फक्त तिच्यासाठी थांबवला होता.

सगळं उरकल्यावर ती शिवणाच्या मशीनपुढच्या स्टुलावर बसली. मशीनमध्ये कुणाची तरी बाही अर्धी शिवलेली होती.

"मामा, मला का नाही सांगितलं?"

"परीक्षा होती तुझी."

"परीक्षा पुन्हा देता येते."

मी म्हणालो, "तू तरी कुठे सांगितलंस?"

ती समजली. मग तिनं सगळं सांगितलं. पुलाच्या खांबावर हात लावून पाहिला तर रखवालदारानं हाकललं. नदीकाठची जुनी भिंत शेवाळलेली निघाली. दूर एक खरा कडाही सापडला, चांगला, कोरडा. तिथे लोक जोडीजोडीनं आले होते. ज्याचा त्याचा दोर धरणारा ठरलेला. ती बूट घालून खाली बसून राहिली. कुणाला विचारायची जीभ रेटली नाही. डबा खाल्ला, बूट काढले आणि परतीची बस धरली. परदेशात गेल्यापासून ती एकदाही चढली नव्हती.

"एकटी चढले असते, मामा. कुणी बघत नव्हतं. पण पाय उचलेना."

"मग आईला ते का सांगितलंस?"

"तिचा आवाज बारीक व्हायला लागला होता. सापडला म्हटलं तर केवढी खुश झाली. मग थांबता येईना. दुसरा दगड रचायला गेले, पण माझ्या बोटांना एकच माहीत आहे."

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तिला कळलं होतं?"

खोटं बोलायचं माझ्या मनात आलं. पण त्या घरात ते पुरेसं झालं होतं.

"भोकांवरून कळलं."

"आणि तरी विचारायची?"

"तरी विचारायची."

तिनं मशीनचं चाक हातानं थोडं फिरवलं. सुई बाहीतून वर आली. चाक तसंच धरून ती म्हणाली, "मागच्या रविवारी मी वरच्या कडेला हात लावला होता. आईनं विचारलं, वरून काय दिसतं गं? मी म्हटलं, पुढच्या रविवारी सांगते. आपल्या खाणीच्या वर नुसता रस्ता आहे, मामा. कचऱ्याचा ढीग आणि रस्ता. मला काही सुचेचना."

मी म्हणालो, "रस्ता सांगितला असतास तरी चाललं असतं."

"हो ना," ती म्हणाली.