अढीतलं सफरचंद

आमच्या घरात सफरचंद पहिल्यांदा आलं ते भिंतीवर, आणि तेही चुकीच्या नावानं. बार्शीच्या कापड दुकानातून मिळालेल्या एका कॅलेंडरवर फळांच्या टोपलीचं चित्र होतं. माझी आई दर दिवाळीला पांढऱ्या मातीनं सारवलेल्या भिंतीवर गेरू, नीळ आणि काजळीनं चित्रं काढायची. मोर, वेल, बैलजोडी असलं सगळं तिला पाठ होतं. त्या वर्षी तिनं टोपली काढली आणि लाल फळापाशी येऊन अडली. "हे डाळिंब न्हाय. वर तुरा कुठाय?" शेवटी तिनं स्वतःच तुरा काढला, सगळ्यांनी डाळिंब म्हणून वाखाणलं, पण ती काही खूश नव्हती. "एकदा हातात मिळाया पायजे," एवढंच म्हणाली.

ही निजामाच्या राज्यातली गोष्ट, रझाकारांची धामधूम सुरू व्हायच्या आधीची. येरमाळ्याच्या बाजूला डोंगराच्या उताराला आमची सीताफळाची बाग होती. गावात आंब्याला मान असेल, पण आमच्या घरात खरं राज्य सीताफळाचं, आणि त्या राज्याची कारभारीण माझी काकू. आईची थोरली जाऊ. फळाचे डोळे उघडले, त्यांच्या मधल्या रेघा पांढुरक्या झाल्या, की ती तोडायला सांगायची. झाडाखाली कुणी फळ फोडलं तर त्याची धडगत नसे. फळ घरी यायचं, गवताच्या अढीत जायचं आणि काकूचा अंगठा त्यात अलगद रुतला की मगच पानात पडायचं. अढीला हात लावायची छाती खुद्द माझ्या वडिलांनाही नव्हती.

पुढच्या वर्षी ऐन सीताफळाच्या दिवसांत आई मुदतीच्या तापानं पडली. ताप उतरला, पण तिचं खाणं सुटलं ते सुटलंच. पेज दिली की दोन घोट घेऊन मान फिरवायची. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मला त्या बांगड्यांची फार भीती वाटायची. कळंबचे हकीमसाहेब आले, नाडी पाहिली आणि म्हणाले, "बाई को सेब खिलाव. कुछ तो पेट में जाना, नै तो मुश्किल है."

वडील गाडी जुंपून तडक बार्शीला गेले आणि एक सफरचंद घेऊन आले. बार्शी इंग्रजांच्या मुलखात, म्हणून येताना हद्दीच्या नाक्यावरच्या शिपायानं म्हणे ते बराच वेळ हुंगलं आणि मग नाइलाजानं परत दिलं. आईनं ते दोन्ही हातांत धरलं, देठापाशी बोट फिरवलं आणि इतक्या दिवसांनी पहिल्यांदा हसली. "बघा, तुरा न्हायच ह्याला." वडिलांनी फळ काकूच्या हवाली केलं आणि ते बागेत राखणीला मुक्कामालाच निघून गेले. त्या दिवसांत पोपट आणि रानडुकरं फार माजलेली असत.

काकूनं सफरचंदावर अंगठा दाबला. ढिम्म. "दगड हाय की ह्यो! आजारी मानसाला कच्चं फळ घालू का म्या?" आणि तिनं ते सीताफळांच्या शेजारी अढीत घातलं.

रोज सकाळी ती अंगठा लावून बघायची. सीताफळं पिकली, खाऊन झाली, दुसरी घातली, तीही पिकली. सफरचंद आपलं ताठच. "लई चिवट जात हाय," काकू म्हणायची, पण तिच्या डोळ्यांत पाणी असायचं, कारण इकडं आईची पेजही आता दोन घोटांवरून एकावर आली होती. काकू अढीपाशी बसून त्या फळाशी बोलायची. "पिक की रे बाबा आता." कुणाला हसू येत नव्हतं.

मग एके दिवशी आम्ही सगळी पोरं काकूबरोबर फळं तोडायला बागेत गेलो. वडिलांनी मला जवळ घेऊन विचारलं, "सफरचंद खाल्लं का आईनं?"

"अजून पिकलं न्हाय," मी म्हणाले.

वडील आधी हसले, आणि मग त्यांचा चेहरा उतरला. "वहिनी, ते तसंच खायचं असतंय. घट्टच."

काकूनं हातातली पाटी खाली ठेवली. घरी येईपर्यंत गाडीत ती आपला अंगठा पदरात लपवून बसली होती.

अढीतून काढलं तेव्हा सफरचंद एकदाचं मऊ पडलं होतं, साल सुरकुतली होती, वास मात्र घरभर गेला. काकूनं ते चिरलं, तुपात परतलं, गूळ आणि वेलदोडा घालून मऊ शिजवलं आणि वाटी आईपुढं ठेवली. "माझ्या हातून नासलं गं हे," म्हणाली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली.

आईनं सगळी वाटी संपवली. बोटानं पुसून घेतली आणि विचारलं, "जाऊबाई, अजून हाय का?"

काकू तोंडाला पदर लावून रडली. संध्याकाळी तिनं पेज दिली, आईनं तीही घेतली, आणि तिथून आई उठली.

दिवाळीला मधून मधून विसावा घेत तिनं भिंतीवर सफरचंद काढलं. तुरा नव्हता, पण गेरूवर काजळीच्या बारीक बारीक सुरकुत्या होत्या. मी म्हटलं, कॅलेंडरवरचं तर गुळगुळीत आहे. "ते कच्चं हाय," आई म्हणाली. काकू मागंच उभी होती. पुढं ती आल्यागेल्याला भिंत दाखवून सांगायची, सफरचंद अढीत घातल्याबिगर खाऊ नये, आमच्या धाकटीला विचारा. आई मान डोलवायची.

काकू गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी आईला विचारलं, त्या वाटीची चव नेमकी कशी होती गं?

"चव कुठली? तोंड कडूजहर झालं होतं. घास उलटून येत होता," आई म्हणाली. "पण उंबऱ्यावर बसून ती माझ्याकडं बघत होती ना."