प्रेमाचा सुळसुळाट

पन्नाशी उलटल्यावर मी इंग्रजी बोलण्याचा क्लास लावला. डोंबिवली पश्चिमेला, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत. आम्ही नऊ बायका आणि शिकवायला बावीस वर्षांची मुलगी. तिला आम्ही मॅडम म्हणायचो आणि ती आम्हाला काकू.

माझ्या शेजारी जवळच्या कोपर गावातली एक आजी बसायची. मूळची तिथलीच, आगरी. शेतावर आता त्यांच्याच इमारती उभ्या होत्या. नात इंग्रजी शाळेत गेल्यापासून तिचं बोलणं आपल्याला कळत नाही, म्हणून ती यायची. आमची मैत्री झाली, पण माझ्या मनात एक काटा होता. पहिल्याच आठवड्यात मला सांगायचं होतं, की आमचे हे बँकेतून रिटायर झाले. घाईत मी म्हणाले, "माय हजबंड इज एक्सपायर्ड फ्रॉम बँक." सगळ्या हसल्या. ही सगळ्यांत जास्त वेळ हसली.

एके दिवशी मॅडमनी फळ्यावर चार शब्द लिहिले. कॉमन, वाइडस्प्रेड, प्रिव्हॅलंट, रॅम्पंट. "चारही शब्दांचा अर्थ साधारण एकच, सगळीकडे पसरलेलं. आठवडाभर वापरून या."

मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, "डस्ट इज वाइडस्प्रेड ऑन द फॅन." हे म्हणाले, "मग पूस ना."

आजीला मात्र रॅम्पंट आवडला. "बोलला की तोंड भरतंय," म्हणाली. मी मोबाइलवर सहज अर्थ पाहिला. बोकाळलेलं, माजलेलं. डासांचा, चोरांचा सुळसुळाट असतो ना, तसलं. म्हणजे वाईट गोष्टींसाठीच. सांगायला तोंड उघडलं आणि मला ते एक्सपायर्ड आठवलं. मी तोंड मिटलं.

शनिवारी नातीच्या शाळेत पालकसभा होती. सून कामावर, म्हणून आजी जाणार होती. धीर यावा म्हणून तिने मला बरोबर नेलं. जरीची साडी, अंबाड्यावर गजरा. रिक्षात ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. मला तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

मुख्याध्यापिकाबाई कडक होत्या. प्रत्येकाला विचारत होत्या, घरचं वातावरण कसं आहे? आजीची पाळी आली. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"इन अवर हाऊस, लव्ह इज रॅम्पंट."

बाईंचं पेन थांबलं. मागे कोणीतरी खोकलं. मी पर्समध्ये तोंड घालून रुमाल शोधायला लागले.

"आय सी," बाई म्हणाल्या. "एनी कम्प्लेंट?"

"येस," आजी म्हणाली. "इन युवर स्कूल, होमवर्क इज ऑल्सो रॅम्पंट."

मग एका बापाने टाळी वाजवली आणि सगळा वर्ग टाळ्यांनी दणाणला. बाईसुद्धा हसल्या. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पुढच्याच आठवड्यात चिठ्ठी आली, की शनिवार-रविवारी गृहपाठ नाही.

त्या दिवशी परतताना आजी रिक्षात राणीसारखी बसली होती. मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. अर्थ ठाऊक होता, तरी मुद्दाम गप्प बसले, हेही.

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता रिक्षा थांबवून मला उतरवते.

"म्हंजे होमवर्कचा बरोबर होता?"

"अगदी बरोबर होता."

"आन् परेमाचा चुकला?"

"हो गं. प्रेमाचा काय सुळसुळाट असतो?"

ती म्हणाली, "अगो, तीन पोरां, तीन सुना, सात नातवंडां एका माळ्यावर. सकाली एक जन गळ्यात पडतंय, दुसरा माझा चष्मा पलवतंय, तिसरी सून रागान दार आपटून मंग चाय आनून देतंय. मना सुखान बसू देत नाय कोनी. याला काय बोलाचा?"

मी मोबाइल काढून पुन्हा शब्द शोधायला लागले. कोपर येईपर्यंत रॅम्पंटहून चांगला एकही सापडला नाही.